कांद्याच्या भावाचं मॉडेल रीसेट टेस्टमध्ये दर वेळी नापास होतंय? वर्ग-घन टाकण्याआधी हे तपासा

लक्षणं साधारण अशी असतात. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजाराचे रोजचे आकडे घेतले, डावीकडे भाव, उजवीकडे आवक, सोबत ट्रेंड आणि महिन्यांचे डमी (त्या महिन्यात १, एरवी ०) टाकून रिग्रेशन, म्हणजे भाव कशाने किती हलतो याचं समीकरण, चालवलं. आर-स्क्वेअर, म्हणजे भावाच्या चढउतारापैकी मॉडेलने पकडलेला हिस्सा, झकास येतो. पण आवकेच्या गुणकाचं चिन्ह अधिक निघतं, म्हणजे माल जास्त आला की भाव चढतो असं मॉडेल म्हणतं. डर्बिन-वॉटसन (मॉडेलची आजची चूक कालच्या चुकीशी जोडलेली आहे का ते दाखवणारा आकडा; २ च्या आसपास असला तर ठीक) शून्याकडे झुकलेला असतो आणि रीसेटची, म्हणजे मॉडेलची मांडणी तपासणाऱ्या टेस्टची, पी-व्हॅल्यू ०.०००, म्हणजे नापास. मग आवकेचा वर्ग टाकून बघतात, मग लॉग, मग लॉगचा वर्ग, मग रोबस्ट स्टँडर्ड एरर (गुणकाच्या अनिश्चिततेचा दुरुस्त हिशेब). या खटपटीत कुठेतरी टेस्ट एकदाची पास होते आणि तेच 'अंतिम मॉडेल' म्हणून प्रबंधात जातं. पुढच्या हंगामाचे आकडे जोडले की पुन्हा नापास.

नाशकात हे दुखणं घेऊन येणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. एम.ए.चा प्रकल्प करणारे, पीएचडीवाले, निर्यातदाराच्या ऑफिसात भावाचा अंदाज काढणारी मुलं, शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब बघणारे. फाईल वेगळी असली तरी तक्रार तीच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरण कांद्याचं आहे, पण टोमॅटो, मका, सोयाबीन कशालाही यातलं बरंचसं लागू पडेल. द्राक्षाला मात्र जपून: तिथे बराचसा सौदा बागेतच होतो, त्यामुळे मार्केटला आलेल्या मालाचे आकडे सगळ्या मालाबद्दल बोलतच नाहीत. तो निवडीचा प्रश्न आहे आणि त्याचा इलाज वेगळा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रीसेट नापास झाली म्हणजे मॉडेलची मांडणी कुठेतरी बसत नाही एवढंच कळतं. कुठे बसत नाही, हे ती सांगू शकत नाही. ते शोधायला आकडे कसे तयार झाले तिथपर्यंत जावं लागतं, म्हणजे लिलावापर्यंत आणि त्याच्याही मागे शेतकऱ्याच्या चाळीपर्यंत, जिथे तो कांदा साठवतो.

आधी फाईल उघडून नुसती बघा

पणन मंडळाच्या तक्त्यात तारखेसोबत जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. निम्म्या फाईलींचं दुखणं इथेच सापडतं.

एक म्हणजे, त्याच बाजाराच्या त्याच तारखेला दोन ओळी असू शकतात, एक लाल कांद्याची आणि एक उन्हाळीची. नोव्हेंबर-डिसेंबरात तर हे हमखास होतं, कारण नवा लाल यायला लागलेला असतो आणि चाळीतला उरलासुरला उन्हाळी संपत असतो. तारखेवर मर्ज करताना या ओळी दुप्पट होतात, किंवा त्यांची साधी सरासरी निघते. दोन्ही मालांचा भाव जागच्या जागी राहिला आणि फक्त प्रमाण बदललं, तरी एकत्र केलेला भाव हलतो. मॉडेल मग या हालचालीचं श्रेय आवकेला देऊन मोकळं होतं.

दुसरं म्हणजे, 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. काही वर्षं फक्त मुख्य आवार घेतलं आणि काही वर्षं तिन्हींची बेरीज केली, तर मधेच आवकेत अशी उडी दिसते की जी बाजारात कधी झालीच नव्हती.

तिसरं एकक. पणन मंडळाच्या तक्त्यात कांद्याची आवक क्विंटलमध्ये असते, ॲगमार्कनेटवर (केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर) आवक टनात आणि भाव प्रति क्विंटल. अर्धी वर्षं इकडून, अर्धी तिकडून घेतली की दहाचा फरक पडतो. लॉग घेतल्यावर हा फरक एका तारखेपासून पुढे कायमची पायरी होऊन बसतो. मग स्ट्रक्चरल ब्रेकची (मालिकेची चाल कुठे बदलली ते शोधणारी) टेस्ट नेमकी त्याच तारखेवर बोट ठेवते आणि त्या महिन्यात सरकारने काय केलं होतं याचा शोध सुरू होतो.

बंद दिवसांचंही तसंच. रविवार, दिवाळी, मार्चअखेर, व्यापाऱ्यांचा संप. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यात शुल्काच्या निषेधात जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंदच होते. त्या दिवशी आवक शून्य नसते, बाजारच नसतो, आणि भाव तर कुठलाच नसतो. काहीजण तिथे शून्य भरतात आणि लॉग निघावा म्हणून सगळ्या आवकेत १ मिळवतात. हे करू नका. त्या ओळी काढून टाका, पण काढल्यावर लक्षात ठेवा की तुमचा 'कालचा भाव' दर वेळी कालचा नाही. सोमवारसाठी तो शनिवारचा आहे आणि दिवाळीनंतर आठवडाभर जुना असू शकतो. मधे किती दिवस गेले याचा एक रकाना करून ठेवला की पुढे उपयोगी पडतो.

आणि सर्वसाधारण दर म्हणजे वजनावर काढलेली सरासरी नव्हे, बहुतांश माल ज्या भावाला गेला तो दर. कमीत कमी दर बहुधा गोल्टीचा (बारीक कांद्याचा) किंवा भिजलेल्या, खराब मालाचा असतो. कमी आणि जास्त दरातली तफावत त्या दिवशीच्या मालाच्या प्रतीबद्दल काहीतरी सांगते. फुकट मिळणारं हे चल फार कमी लोक वापरतात.

रीसेट कधी लावायची

टेस्टचं काम सोपं आहे. जेम्स रॅम्सी यांनी १९६९ मध्ये ती मांडली. मॉडेलने काढलेल्या अंदाजाचा वर्ग, घन वगैरे पुन्हा मॉडेलमध्ये टाकायचे आणि त्यांचे गुणक एकत्रितपणे शून्य आहेत का ते एफ-टेस्टने बघायचं. शून्य नसतील तर सरळ रेषेच्या पलीकडे काहीतरी शिल्लक आहे. सॉफ्टवेअरगणिक तपशील बदलतात. आरमधलं एलएमटेस्ट पॅकेज, काही सांगितलं नाही तर, वर्ग आणि घन घेतं. स्टाटा चौथ्या घातापर्यंत जातं. त्यामुळे तेच मॉडेल मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पास आणि तुमच्याकडे नापास झालं तर गोंधळून जायला नको.

दोन गोष्टी मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. स्टाटातल्या या टेस्टच्या कमांडचं नाव वगळलेल्या चलावरून ठेवलेलं आहे, म्हणून 'टेस्ट पास झाली, म्हणजे कुठलंही महत्त्वाचं चल सुटलेलं नाही' असा निष्कर्ष सर्रास लिहिला जातो. तो चूक आहे. सुटलेलं चल हे आत असलेल्या चलांशी सरळ रेषेत जोडलेलं असेल तर रीसेटला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि गुणक मात्र पार बिघडलेला असतो. आकड्यात बघा. समजा लॉग-लॉग मॉडेलमध्ये (भाव आणि आवक दोन्हींचा लॉग घेतलेल्या) आवकेचा खरा परिणाम −०.३ आहे. बाहेरची मागणी सुटली आहे, तिचा भावावरचा परिणाम +०.५, आणि मागणी व आवक यांच्या आपसातल्या रेषेचा उतार ०.८. मग तुमच्या मॉडेलमध्ये आवकेचा गुणक −०.३ + ०.५ × ०.८ म्हणजे +०.१ दिसेल. चिन्ह उलटलं, तरी रीसेट पास होऊ शकते.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. रेसिड्युअल, म्हणजे मॉडेलच्या अंदाजात राहिलेल्या चुका, एकमेकांशी साखळीने जोडलेले असतील, आणि रोजच्या भावात ते असतातच, तर रीसेट गरजेपेक्षा जास्त वेळा नापास करते. रेसिड्युअलचा पसारा असमान असला तरी तिचा साधा एफ भरवशाचा राहत नाही. म्हणून आधी काळाचा गुंता सोडवा आणि मग रीसेट लावा, तीही रोबस्ट प्रकारची. बहुतेक फाईलींमध्ये हा क्रम उलटा असतो.

काळाचा गुंता म्हणजे काय? ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं की एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन भटक्या (कुठल्याच ठरावीक सरासरीकडे न परतणाऱ्या) मालिका एकमेकांवर रिग्रेस केल्या तरी टी-व्हॅल्यू भरघोस येतात, म्हणजे संबंध पक्का असल्यासारखा दिसतो. त्यांनी दिलेली खूण अजूनही कामाची आहे: आर-स्क्वेअर डर्बिन-वॉटसनपेक्षा मोठा दिसला की सावध व्हा. ०.९ आणि ०.३ अशी जोडी आली असेल तर चिन्हाचा अर्थ लावत बसू नका. आधी मालिका स्थिर आहेत का ते बघा. नसतील तर रोजचा फरक (आज वजा काल) घेऊन चालवा. को-इंटिग्रेशन आहे, म्हणजे भटकत असूनही दोन्ही मालिका लांब पल्ल्यात जोडीने चालतात, असं दिसलं तर एरर-करेक्शनची (जोडी सुटली की ती परत जुळण्याकडे झुकते असं धरणारी) मांडणी करा. दहा-पंधरा वर्षांचा भाव चालू रुपयांत घेतला असेल तर महागाई वजा केली आहे का, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

डर्बिन-वॉटसन वाईट आला की कॉकरन-ऑर्कट लावून मोकळं व्हायची जुनी सवय आहे. १९४९ ची ती युक्ती असं धरून चालते की मॉडेल बरोबर आहे, फक्त चुका साखळीत आहेत. कांद्यात बहुतेकदा उलट असतं: चुका साखळीत दिसतात कारण कालचा भाव आणि कालची आवक मॉडेलबाहेर राहिली आहे. ती दोन्ही आत घ्या आणि साखळी उरली आहे का ते ब्रॉइश-गॉडफ्रे टेस्टने बघा. डर्बिन-वॉटसन इथे वापरू नका, कारण कालचा भाव उजवीकडे आला की तो २ कडे ओढला जातो आणि सगळं आलबेल असल्यासारखं दाखवतो. कालचा भाव आत आहे आणि साखळीही शिल्लक आहे, असं निघालं तर आणखी लॅग, म्हणजे आणखी मागच्या दिवसांचे आकडे, हवेत. त्या अवस्थेत साध्या लीस्ट स्क्वेअर्सचे (म्हणजे नेहमीच्या रिग्रेशनचे) गुणकच चुकीचे असतात, नुसते स्टँडर्ड एरर नव्हे.

एवढं केल्यावर काही फाईली इथेच बऱ्या होतात. उरतात त्यांच्यासाठी पुढचं.

खरी गोम चाळीत आहे

विंचूरच्या आवारात सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका वाहनापुढे थांबतात, कांदा हातात घेऊन पत्ती बघतात, दाबून बघतात, काही क्षणांत बोली संपते आणि पुढचं वाहन. त्या रांगेत उभ्या असलेल्या दोन ट्रॅक्टरांमागची कहाणी पार वेगळी असू शकते, आणि आपलं मॉडेल त्यांना एकाच रकान्यात टाकतं.

लाल कांदा टिकत नाही. खरिपाचा माल ऑक्टोबरपासून येतो, त्यामागून रांगडा (उशिरा खरिपाचा) येतो, आणि तो काढला की विकावाच लागतो. भाव पडलेला असला तरी ट्रॅक्टर निघतो. या महिन्यांत आवक ठरवतं ते लावणीचं क्षेत्र, पाऊस आणि काढणीची वेळ, आणि हे सगळं बरंच आधी ठरून गेलेलं असतं. आजच्या भावाचा आजच्या आवकेवर फारसा जोर नसतो. त्यामुळे आवक वाढली की भाव किती पडतो, हा प्रश्न या काळात थोडाफार सरळपणे विचारता येतो.

उन्हाळी कांद्याचं तसं नाही. देशातल्या कांद्यापैकी सुमारे ७० टक्के रब्बीचा. आपल्याकडे तो मार्चअखेरीपासून मेपर्यंत निघतो. थोडा लगेच विकला जातो, कारण मजुरी द्यायची असते, पीककर्ज फेडायचं असतं, घरात लग्न असतं. बाकीचा चाळीत जातो आणि जूनपासून पुढे, कधी दिवाळीपर्यंत, भाव बघून बाहेर निघतो. 'भाऊ, दोनशे रुपये वाढू द्या, मग भरू गाडी' हे वाक्य निफाड-चांदवड पट्ट्यात कुठेही ऐकू येईल. म्हणजे या महिन्यांत भाव आवकेला हलवतो आणि आवक भावाला. बाहेरून मागणी वाढली की भाव चढतो, चाळी उघडतात, आवक वाढते. आकड्यांत दोन्ही एकत्र वर जाताना दिसतात आणि गुणक अधिक येतो.

अर्थशास्त्रात ही अडचण शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. हेन्री मूर यांनी १९१४ मध्ये कच्च्या लोखंडाची मागणी-रेषा काढली ती वर चढणारी निघाली. एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये समजावून सांगितलं की भाव आणि प्रमाणाचे ठिपके म्हणजे मागणी आणि पुरवठा यांच्या छेदबिंदूंचा गोळा असतो. त्यातून रेषा काढली तर ती कशाची आहे हे कोणती बाजू जास्त हलली यावर ठरतं. लाल कांद्याच्या काळात पुरवठा जास्त हलतो, म्हणून रेषा मागणीसारखी उतरती दिसते. चाळीच्या काळात मागणीचे धक्के वरचढ ठरले तर ती चढती दिसेल. आपण दोन्ही काळ एका समीकरणात कोंबतो.

आता रीसेट नापास का होते आणि वर्ग टाकला की पास का होते, ते बघा. समजा चाळीच्या महिन्यांतली आवक मधल्या पट्ट्यात पडते आणि लाल-रांगड्याच्या गर्दीतली वरच्या पट्ट्यात. मधल्या पट्ट्यात ठिपके वर चढतात, वरच्या पट्ट्यात उतरतात. सगळे एका कागदावर काढले तर डोंगरासारखा आकार दिसतो. आवकेचा वर्ग तो आकार छान पकडतो, टेस्ट पास होते, आणि प्रबंधात वाक्य येतं: 'अमुक हजार क्विंटलपर्यंत आवक वाढली की भाव वाढतो, त्यानंतर घटतो.' असा कुठलाही उंबरठा बाजारात नाही. दोन वेगळ्या यंत्रणा एकावर एक रचल्यामुळे तो कागदावर उमटला आहे. पुढच्या वर्षी लावणी कमी झाली, लालची गर्दी मधल्या पट्ट्यात आली, की डोंगर मोडतो आणि मॉडेल पुन्हा नापास.

तपासायची रीत फार अवघड नाही. उलटं रिग्रेशन चालवा: डावीकडे आजच्या आवकेचा लॉग, उजवीकडे मागच्या आठवड्यात भाव किती टक्के हलला ते, वाराचे डमी, आणि मघाशी केलेला 'मधे किती दिवस गेले' हा रकाना. हे तीन काळांसाठी वेगवेगळं चालवा: लाल-रांगडा, एप्रिल-मेची काढणी, आणि जूननंतरची चाळ. चाळीच्या काळात मागच्या आठवड्याचा भाव आवकेला ओढताना दिसला आणि लालच्या काळात दिसला नाही, तर गोम हीच आहे असं समजायला हरकत नाही. यात काहीच दिसलं नाही तर माझं वरचं सगळं तुमच्या फाईलीला लागू नाही आणि तुम्ही दुसरीकडे शोधा.

मग मुख्य मॉडेलमध्ये वर्ग काढून टाका आणि आवकेचा गुणक हंगामागणिक वेगळा येऊ द्या, म्हणजे आवक गुणिले हंगामाचा डमी. महिन्यांचे नुसते डमी टाकल्याने हे साधत नाही. ते रेषेची उंची बदलतात, उतार तोच राहतो. उतार खरंच वेगळे आहेत का हे बघायला चाऊ टेस्ट लावायचा मोह होतो. पण १९६० ची ती टेस्ट दोन्ही काळांत चुकांचा पसारा सारखा आहे असं धरते, आणि कांद्यात दिवाळीच्या आसपासची उलथापालथ आणि मे महिन्याची शांतता सारखी नसतेच. गुणिलेल्या चलांवर असं काही न धरणारी रोबस्ट वॉल्ड टेस्ट लावा. आणि हंगाम कॅलेंडरवरून कापू नका. त्या दिवशी लाल कांद्याची नोंद किती आणि उन्हाळीची किती, यावरून कापा. तो रकाना फाईलीत आहेच.

निर्यातबंदीचा डमी उलटा येतो तेव्हा

दुसरी नेहमीची तक्रार: 'बंदीचा डमी टाकला, तर बंदीमुळे भाव वाढतो असं आलं.' यात आश्चर्य काही नाही. बंदी येते तीच भाव चढल्यावर. २९ सप्टेंबर २०१९ ची बंदी घ्या, १४ सप्टेंबर २०२० ची घ्या, किंवा २०२३ ची मालिका घ्या: १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरपासून बंदी. तिन्ही वेळा निर्णयाआधी भाव वर गेलेला होता. बंदीच्या महिन्यांची सरासरी इतर महिन्यांशी ताडून बघितली की डमी अधिकच येणार. इथे डमी भावाचं कारण नाही, भाव डमीचं कारण आहे.

यावर माझा सल्ला असा की पातळीवरचा डमी सोडा. निर्णयाच्या आजूबाजूचे थोडे दिवस घ्या, भावातला रोजचा फरक घ्या, आणि तेवढ्यापुरतं बघा. शक्य असेल तर निर्यातीशी फारसा संबंध नसलेल्या दूरच्या एखाद्या बाजाराशी तुलना करा, मात्र तिथेही निर्यातीचा अडलेला माल वळून गेला असेल का याचा विचार करून. सगळ्या निर्णयांना एकच डमी देणंही बरोबर नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. ही चढउताराची पायऱ्यांची मालिका आहे आणि ० किंवा १ मध्ये ती मावत नाही. शिवाय बाजारात अफवा अधिसूचनेच्या आधी पोहोचते, त्यामुळे खिडकी निर्णयाच्या दिवसापासूनच सुरू केली तर निम्मा परिणाम बाहेर राहू शकतो.

तारीख माहीत नसताना ब्रेक शोधायचा असेल तर अँड्र्यूज यांनी १९९३ मध्ये दिलेली क्रिटिकल मूल्यं वापरा. सगळ्या तारखांवर चाऊ चालवून सगळ्यात मोठा एफ उचलायचा आणि तो नेहमीच्या एफ-टेबलशी ताडायचा, हे चालत नाही.

रोबस्ट लावलं की झालं?

नाही. हॅल्बर्ट व्हाइट यांचे १९८० चे स्टँडर्ड एरर किंवा न्यूई-वेस्ट यांचे १९८७ चे, दोन्ही गुणकाभोवतीच्या अनिश्चिततेचा हिशेब दुरुस्त करतात. गुणकाला हात लावत नाहीत. वजनकाटाच बिघडलेला असेल तर पावती कितीही सुवाच्य लिहिली म्हणून वजन सुधारत नाही. रोबस्ट लावाच, पण मांडणीबद्दलचा प्रश्न त्याने मिटला असं लिहू नका. उलट साधे आणि रोबस्ट स्टँडर्ड एरर यांच्यात खूप तफावत आली तर तीच एक खूण समजा की मांडणीत काहीतरी सुटलं आहे.

इन्स्ट्रुमेंटबद्दल, थोडं सावधपणे

चाळीच्या महिन्यांत आवकेचा खरा परिणाम हवाच असेल तर आवकेला हलवणारं पण भावाला थेट न शिवणारं काहीतरी लागतं; त्यालाच इन्स्ट्रुमेंट म्हणतात. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये तेलबियांच्या संदर्भात ही युक्ती दाखवली. आपल्याकडे दोन उमेदवार नेहमी पुढे येतात.

पहिला पाऊस. निफाड-येवला भागात दोन दिवस पाऊस लागला की गाड्या भरल्या जात नाहीत, आवक घटते. पण आलेला माल ओलसर असतो, त्याची प्रत घसरते आणि भाव थेट हलतो. मग ते इन्स्ट्रुमेंट राहिलं नाही. कमी-जास्त दरातली तफावत सोबत टाकून थोडं सावरता येतं, पूर्ण नाही. दुसरा उमेदवार सुट्टीनंतरचा पहिला दिवस: दिवाळी किंवा मार्चअखेरच्या बंदनंतर तुंबलेला माल एकदम येतो. हा मला जास्त पटतो, पण व्यापाऱ्यांच्याही ऑर्डर तुंबलेल्या असतात, म्हणजे मागणीही त्याच दिवशी उसळते. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या बंदनंतर हा त्रास कमी असावा, आठवडाभराच्या बंदनंतर जास्त. दोन्ही वेगळे चालवून गुणक किती हलतो ते दाखवा आणि वाचकाला ठरवू द्या.

पहिल्या टप्प्याचा एफ, म्हणजे इन्स्ट्रुमेंट आवकेला किती जोरात हलवतं त्याचा आकडा, १० च्या वर आला की सुटलो, हा स्टेगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या कामातून रुळलेला ठोकताळा आहे. एकच इन्स्ट्रुमेंट असताना नेहमीची टी-टेस्ट तशीच वापरायची तर एफ १०४.७ लागतो, असं ली आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं. तेवढा येत नसेल तर अँडरसन-रुबिन पद्धतीचा (कमकुवत इन्स्ट्रुमेंटलाही चालणारा) इंटरव्हल द्या.

निर्यातदाराच्या ऑफिसातल्या मंडळींनी मात्र हा सगळा भाग सोडून दिला तरी चालेल. तुम्हाला पुढच्या आठवड्याचा भाव हवा आहे, आवकेचा परिणाम नको आहे. चिन्ह उलटं असलं तरी अंदाज चांगला येऊ शकतो. तुमची कसोटी एकच: मागचे दोन हंगाम बाजूला ठेवा, उरलेल्यांवर मॉडेल बसवा, आणि 'पुढच्या आठवड्याचा भाव = आजचा भाव' या बाळबोध अंदाजापेक्षा ते बरं ठरतं का बघा. बहुतेक भारदस्त मॉडेल्स इथेच गळतात.

प्रबंधात काय लिहायचं

किती मॉडेल्स चालवली ते लिहा. दहा मांडण्या करून बघितल्या आणि जी पास झाली तिची पी-व्हॅल्यू छापली, तर त्या पी-व्हॅल्यूला अर्थ राहत नाही, कारण ती एकाच प्रयत्नाचं गणित धरून काढलेली असते. परिशिष्टात सगळ्या मांडण्यांचा आवकेचा गुणक एका तक्त्यात द्या. सगळीकडे तो साधारण तोच असेल तर वाचक तुमच्यावर विश्वास ठेवेल. एका मांडणीत −०.४ आणि दुसरीत +०.१ असेल तर फरक कशामुळे पडला ते लिहिणं हेच तुमचं प्रकरण आहे.

आणि सगळं करूनही रीसेट नापासच राहिली तर? रोजचे दहा वर्षांचे आकडे म्हणजे अडीच-तीन हजार ओळी. एवढ्या ओळींवर कुठलीही टेस्ट बारीकसारीक वाकडेपणाही पकडते. अशा वेळी पी-व्हॅल्यू सोडा आणि वर्ग-घन आत घेतल्यावर आवकेचा गुणक किती हलला ते बघा. दुसऱ्या दशांशात हलला असेल तर तसं एका वाक्यात नोंदवून पुढे जा. मार्गदर्शकांनी 'नापास का?' विचारलं तर तो तक्ता पुढे करा, आणि सोबत लाल व उन्हाळीचे ठिपके वेगवेगळ्या रंगांत काढलेला एक आलेख ठेवा.